गाडीतून उतरताना फोनही सोडवून घ्या

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी चारचाकी गाडीबद्दल बोलणार आहे. गाडीत पुढे आता जी मोठी स्क्रीन असते ना, जिच्यावर गाणी लागतात, रस्ता दिसतो, फोन घेता येतो, तिच्याबद्दल. तुम्ही म्हणाल, ताई, आमच्या दारात धड सायकल नाही, आम्हाला त्या स्क्रीनचं काय करायचंय? मलाही असंच वाटायचं. पण गाडी आपली नसली तरी आपण गाडीत बसतोच की. वडापनं बाजाराला जातो. लग्नाला भाड्याची गाडी ठरते. घरातलं कुणी आजारी पडलं तर शेजारच्या पोराला गाडी काढायला सांगतो. माल घेऊन प्रदर्शनाला जातो. आणि बसताना आपल्या हातात फोन असतो. त्या फोनात गटाचा सगळा कारभार असतो. कुणाचा हप्ता आला, कुणाचा थकला, कुणाला कर्ज हवंय, का हवंय, सगळं.

माझ्या हातून एक चूक झाली, ती आधी सांगते. ही गोष्ट आमच्या एका सभासद बाईची आहे. मी रेडिओवर बोलणार म्हटल्यावर आधी तिच्या घरी जाऊन तिला विचारलं. ती म्हणाली, "सांग. बाकीच्या बाया तरी शहाण्या होतील. पण मी काय लिहिलं होतं ते सांगू नकोस." म्हणून तिचं नाव, गाव आणि तिनं काय लिहिलं होतं, हे मी सांगणार नाही. बाकीचं सगळं सांगते.

गेल्या वर्षी आम्ही सहाजणी मुंबईला गेलो होतो. दादरला चार दिवसांचं प्रदर्शन होतं. शेंगदाण्याची चटणी, बाजरीचं पीठ, दोन घोंगड्या असा माल होता. उतरलो होतो लालबागला, माझ्या मामांच्या खोलीत. आपल्या सातारा भागातली किती घरं परळ-लालबागला गिरणीत लागली, ते तुम्हाला सांगायला नको. माझे मामाही गिरणीतच होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, आणि त्यानंतर त्यांना गिरणीत काम मिळालं नाही. मग ते टॅक्सी चालवायला लागले. काळी-पिवळी पद्मिनी. आता त्यांचा मुलगाही गाडीच चालवतो, पण त्याची गाडी सात माणसांची, मोठी स्क्रीन असलेली, पर्यटनाच्या परवान्याची.

प्रदर्शन संपलं त्या दिवशी चटणीची बरीच पाकिटं उरली होती. गिरगावातल्या एका दुकानदारानं ती घ्यायचं कबूल केलं होतं. मामांचा मुलगा म्हणाला, "ताई, मला आज भाडं नाही. चला, गिरगावला सोडतो, येताना सगळ्यांना समुद्र दाखवतो." बाया खूश. मी पुढे बसले, मागे पाचजणी.

माझ्या फोनची बॅटरी संपत आली होती. दुकानदाराचे पैसे फोनवरच येणार होते, तेव्हा फोन बंद पडून चालणार नव्हतं. गाडीत एक केबल लोंबकळत होती. मी म्हटलं, चार्जिंगला लावते. लावला. लावल्याबरोबर स्क्रीनवर आणि फोनवर इंग्रजीत काहीतरी विचारलं. मी बी.ए. झालेली बाई, मला वाचता येत नव्हतं असं नाही. पण घाई होती. 'हो' दाबलं. परत विचारलं, परत 'हो'. तिसऱ्यांदाही 'हो'. बँकेच्या कागदावर न वाचता अंगठा देऊ नका, असं मी तुम्हाला प्रत्येक सभेत सांगते. आणि मी स्वतः तीन वेळा अंगठा दिला.

गाणी लागली. भायखळ्याच्या पुढे गेलो आणि स्क्रीनवर वरच्या बाजूला एक नाव झळकलं. आमच्या त्या सभासद बाईचं. मामांच्या मुलाला वाटलं, कामाचा निरोप असेल. तो चांगल्या मनानं म्हणाला, "ताई, मेसेज आलाय," आणि त्यानं स्क्रीनला बोट लावलं. गाणं थांबलं आणि गाडी मेसेज मोठ्यानं वाचायला लागली.

तुम्ही-आम्ही मराठी कसं लिहितो? इंग्रजी अक्षरांत. ते मराठी गाडी इंग्रजी बाईच्या आवाजात वाचत होती. पहिल्या दोन शब्दांना मागच्या बाया हसल्या. मग हसू थांबलं. कारण उच्चार वेडेवाकडे असले तरी सगळं कळत होतं. घरातली गोष्ट होती. पैशाची होती. मला एकटीला सांगितलेली होती. मी आवाज बंद करायला बटण शोधत होते, ते सापडेना. शेवटी केबल उपटली. तोवर मेसेज वाचून झाला होता.

आणि मागच्या पाचजणींत तिची जाऊ बसली होती.

गिरगाव येईपर्यंत कुणी काही बोललं नाही. चटणी दिली, पैसे घेतले, चौपाटीवर उभ्या राहिलो, पण कुणाचं लक्ष समुद्राकडे नव्हतं.

रात्री लालबागला जेवताना मामांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "माझ्या टॅक्सीला फक्त मीटर होतं. बाहेरच्या बाजूला, लोखंडी. माणूस बसला की हातानं खाली पाडायचं, उतरला की वर करायचं. त्याचं मागे काही राहायचं नाही. राहिली तर छत्री राहायची." मामांच्या त्या जुन्या पद्मिनी टॅक्सीही आता गेल्या. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मुदत, म्हणून ऑक्टोबर २०२३ ला तिचा काळ संपला. ती गाडी प्रवाशाचं बोलणं ऐकत नव्हती की लक्षात ठेवत नव्हती. आताची गाडी ठेवते.

मामांच्या मुलानं मग आम्हाला खाली नेऊन गाडीची स्क्रीन उघडून दाखवली. जोडलेल्या फोनांची यादी होती. आठ फोनांची नावं. त्यात त्याचा स्वतःचा, त्याच्या बायकोचा, आणि बाकी सगळे भाड्यानं आलेले लोक. कुणी गाणं लावायला फोन जोडला, कुणी बोलायला. उतरून घरी गेले, नावं गाडीतच राहिली. लोकांनी आपल्या फोनला स्वतःचं नाव दिलेलं असतं, तेच तिथे दिसत होतं. शोधलेल्या पत्त्यांची यादीही होती. कुणी कुठल्या दवाखान्यात गेलं, ते त्यावरून कळलं असतं. तो बिचारा म्हणाला, "ताई, मी कधी उघडून बघितलंच नव्हतं."

आता हे होतं कसं, ते नीट समजून घेऊ.

गाडीत इंटरनेट तीन वाटांनी येतं. पहिली वाट म्हणजे आपला फोन. केबलनं जोडा नाहीतर ब्लूटूथनं, गाडी आपल्या फोनच्या जिवावर चालते. गाणं फोनातलं, रस्ता फोनातला, नेटही आपल्याच रिचार्जचं. जोडताना ती परवानगी मागते: तुमचे नंबर बघू का, आलेले फोन बघू का, मेसेज बघू का. 'हो' म्हटलं की बऱ्याच गाड्या नंबरांची यादी स्वतःकडे उतरवून घेतात. आणि केबल काढली, तरी फोनची ओळख राहते. पुढच्या वेळी ब्लूटूथ चालू ठेवून त्याच गाडीजवळ गेलात, तर न विचारताही जोडणी होऊ शकते.

दुसरी वाट म्हणजे गाडीचं स्वतःचं सिमकार्ड. कारखान्यातच आत बसवलेलं असतं, आपल्याला दिसत नाही. आपल्याकडे २०१९ साली अशा गाड्यांचा गाजावाजा सुरू झाला. मे महिन्यात ह्युंदाईची व्हेन्यू आली, जूनमध्ये एमजीची हेक्टर आली. हेक्टरवर तर आत इंटरनेट असल्याची पट्टीच लावलेली असायची. अशा गाडीचा मालक घरात बसून फोनवर बघू शकतो की गाडी कुठे आहे, दार लागलंय का, एसी चालू आहे का. ही सोय पहिली काही वर्षं फुकट असते, पुढे वर्षाला पैसे भरावे लागतात.

तिसरी वाट तुमच्या-माझ्या जास्त कामाची. १ जानेवारी २०१९ पासून नव्यानं नोंदल्या जाणाऱ्या प्रवासी बस आणि टॅक्सींमध्ये गाडी कुठे आहे ते कळवणारं यंत्र आणि संकटकाळाचं बटण असावं, असा केंद्र सरकारचा नियम आहे. रिक्षांना तो लागू केलेला नाही. दिल्लीत २०१२ साली बसमध्ये त्या मुलीवर जो अत्याचार झाला, त्यानंतर बायकांच्या प्रवासाच्या सुरक्षेसाठी जे विचार झाले, त्यातून हे आलं. बटण बहुतेक लाल असतं, सीटजवळ किंवा खिडकीजवळ. दाबलं की गाडीचं ठिकाण लगेच कळवलं जावं, असं ते काम. एसटीत किंवा टॅक्सीत बसलात की एकदा नजर फिरवा, बटण कुठे आहे बघा. पोरीबाळींना दाखवा. आणि बटण असलं-नसलं तरी ११२ नंबर पाठ असू द्या.

म्हणजे बघा, गाडी जोडलेली असणं वाईटच, असं मी म्हणत नाही. रात्री परगावी एकटीनं जायचं झालं, तर गाडी कुठे आहे हे घरच्यांना कळणं किती धीराचं असतं. आपण काय देतो आणि कुणाला देतो, एवढं आपल्याला माहीत पाहिजे.

आता रस्ता दाखवणाऱ्या नकाशाचं सांगते, कारण त्यात आपल्या बायांचा नेहमी गोंधळ होतो. नेट गेलं की नकाशा बंद, असं आपण समजतो. तसं नाही. आपण कुठे आहोत हे फोनला आकाशातल्या उपग्रहांकडून कळतं. ते जमिनीपासून साधारण वीस हजार किलोमीटर वर फिरत असतात आणि एका वेळी निदान चार उपग्रह दिसावे लागतात. त्याला नेट लागत नाही. नेट लागतं ते नकाशाचं चित्र उतरवायला आणि पुढे गर्दी आहे का ते कळायला. आणि गर्दी कशी कळते? पुढच्या गाड्यांतल्या लोकांच्या फोनवरून. शंभर फोन एका जागी हळूहळू सरकतायत म्हटल्यावर तो रस्ता लाल होतो. म्हणजे आपण लालबागला अडकलो की आपला फोनही मागच्याला तेच सांगत असतो.

लालबागचा उड्डाणपूल तुमच्यापैकी काहींनी गणपतीला गेल्यावर बघितला असेल. आम्ही पुलाखालच्या रस्त्यानं जात होतो आणि नकाशा आम्हाला पुलावर दाखवत होता. वरचा रस्ता आणि खालचा रस्ता एकावर एक आले की त्याला वरचा कुठला, खालचा कुठला, हे नीट कळत नाही. तिथं ड्रायव्हरचे डोळेच खरे. येताना मामांच्या मुलानं आम्हाला मरीन ड्राइव्हवरून किनारी रस्त्याच्या बोगद्यातून आणलं. २०२४ साली सुरू झालेला हा बोगदा गिरगाव चौपाटीच्या बाजूनं मलबार हिलखालून प्रियदर्शनी पार्कपर्यंत जातो, दोन किलोमीटरहून थोडा लांब. आत गेल्यावर स्क्रीनवरचा बाण अडखळला. जमिनीखाली उपग्रह दिसत नाहीत, म्हणून गाडी चाकांच्या वेगावरून अंदाज बांधते, नाहीतर बाण तिथंच थांबतो. बाहेर आलो तसा तो परत चालायला लागला. आपल्या घाटातही रेंज गेली की घाबरू नका. निघण्याआधी घरी नेट असताना त्या भागाचा नकाशा फोनात उतरवून ठेवला, तर घाटातही रस्ता दिसतो.

एक नियमही सांगते. गाडी चालवताना फोन हातात धरणं हा गुन्हा आहे. रस्ता बघायला वापरायचा, तर स्टँडला लावून, लक्ष विचलित होणार नाही असा. स्क्रीन असो की फोन, चालवणाऱ्यानं तिच्याशी खेळत बसू नये. शेजारी बसलेल्या बाईनं त्याला टोकायला लाजू नये. जीव सगळ्यांचाच आहे.

आता तुम्ही विचाराल, हे फक्त माझ्याच बाबतीत झालं का? मोझिला नावाची एक संस्था आहे, अमेरिकेतली. तिनं २०२३ च्या सप्टेंबरमध्ये २५ कंपन्यांच्या गाड्या माणसाची माहिती किती जपतात ते तपासलं. २५ पैकी एकही पास झाली नाही. आपल्या देशात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला सांगितलं की खासगीपण हा माणसाचा मूलभूत हक्क आहे. २०२३ साली संसदेनं माहिती जपण्याचा कायदाही केला. त्यात संमती कशी घ्यायची आणि दिलेली संमती परत कशी घ्यायची, हे आहे. कायदा चांगलाच आहे. पण त्या दिवशी भायखळ्याला संमती माझ्याकडूनच घेतली गेली होती, तीन वेळा, आणि मीच दिली होती.

आमच्या प्रभाग संघानं आता माल वाहायला जुनी छोटी गाडी घ्यायचं ठरवलं आहे. गिरगावच्या टोकाला ऑपेरा हाऊसकडे गाडीच्या सामानाची दुकानं आहेत, तिथं आम्ही चौकशीही केली. जुन्या गाडीतही स्क्रीन बसवता येते, मागचा कॅमेरा लावता येतो. कॅमेऱ्याचा उपयोग खरा आहे. गाडी मागे घेताना लहान पोर आलं तर दिसतं. पण दुकानातल्या भल्या माणसानं एक गोष्ट सांगितली, ती तुम्हीही लिहून ठेवा. जुनी गाडी घेताना आरसीबुक, विमा, पीयूसी बघता, तशी स्क्रीनही बघा. आधीच्या मालकाचे फोन, पत्ते सगळे काढून टाकायला सांगा. सेटिंगमध्ये सगळं पुसून नव्यासारखं करायची सोय असते. आणि गाडीला स्वतःचं सिम असेल, तर आधीच्या मालकाच्या फोनमधल्या ॲपमधून गाडी काढून टाकायला लावा. नाहीतर गाडी आपली आणि ती कुठे फिरते हे बघणार तो. आपण गाडी विकतानाही हेच करायचं.

आता आपल्या गटांत आम्ही काय ठरवलं ते सांगते. सोपं आहे.

परक्या गाडीत फोन चार्ज करायचा, तर तिच्या केबलला लावायचा नाही. स्वतःची पॉवर बँक न्यायची, किंवा लायटरच्या गोल भोकात बसणारा चार्जर वापरायचा, त्यातून नुसती वीज येते. केबललाच लावावा लागला आणि काही विचारलं, तर 'नको' म्हणायचं. 'नको' म्हटलं तरी फोन बहुतेक वेळा चार्ज होतोच. परक्या गाडीत बसताना ब्लूटूथ बंद. कधी जोडलाच, तर उतरण्याआधी गाडीवाल्या दादाला सांगायचं, माझा फोन यादीतून काढा. आपल्या फोनमधूनही गाडीचं नाव काढायचं. उतरताना आपण सीटवर पिशवी राहिली का, डबा राहिला का बघतो की नाही? तसंच हे. लाजायचं काही कारण नाही.

आणि शेवटचं, आपल्या गटांपुरतं. सभासदानं मनातलं सांगायचं असेल, तर ते मेसेजवर मागवायचं नाही. फोन करा म्हणायचं, नाहीतर घरी जायचं. अध्यक्ष आणि सचिव यांनी फोनच्या सेटिंगमध्ये मेसेजचा मजकूर वरच्यावर दिसणार नाही असं करून घ्यायचं. ज्यांना जमत नाही, त्यांना पुढच्या सभेत मी करून देईन. फोन घेऊन या.

त्या बाईचं पुढे काय झालं, हे तुमच्या मनात असेल. मी गावी आल्यावर दुसऱ्याच दिवशी तिच्या दारात गेले. झालं ते सगळं सांगितलं, कारण दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. तिनं ऐकून घेतलं. चहा केला. पण दोन सभांना ती आली नाही. हप्ता पोरीच्या हाती पाठवला. आमच्या गटाच्या वहीत इतक्या वर्षांत तिच्या नावापुढे गैरहजर असं कधी लिहावं लागलं नव्हतं.

तिची जाऊ मात्र घरात एक शब्द बोलली नाही. त्या दोघींचं आपसांत काय झालं ते मला माहीत नाही आणि मी विचारलंही नाही. तिसऱ्या सभेला दोघी एकत्र आल्या. आमची सभासद माझ्याजवळ बसली नाही, पण आली. तिचा अर्ज आम्ही मांडला आणि मंजूर झाला. हल्ली तिला काही सांगायचं असलं की ती चालत माझ्या घरी येते. फोन करत नाही. मेसेज तर नाहीच.

गटाचं भांडवल बँकेत असतं असं आपण म्हणतो. ते अर्धं आहे. बाकीचं एकमेकींच्या विश्वासात असतं, आणि ते गेलं तर कुठलीही बँक भरून देत नाही. म्हणून एवढं सांगायला आले.

पुढच्या सभेत हा विषय घ्या. प्रत्येकीनं आपला फोन उघडून ब्लूटूथच्या यादीत कुठल्या कुठल्या गाड्यांची नावं राहिलीत ते बघा. काहींना आश्चर्य वाटेल. ज्यांच्याकडे साधा बटणांचा फोन आहे, त्यांनी हसावं आणि बाकीच्यांना मदत करावी.